संपलं की सोडायचं

"अर्थाकडे अजिबात जायचं नाही," दिग्दर्शक पडदेवाल्यांना बजावत होते. "संपला नाही, संपली नाही. संपलं! शेवटी अनुस्वार ऐकू आला की दोरी सोडायची."

पडदेवाल्यांनी मान हलवली. एरवी ते एका कचेरीत हेडक्लार्क होते आणि घरी नाटकाच्या नायिकेचे नवरे. पडदा त्यांच्याकडे आला तो या दुसऱ्या नात्यानं. मागच्या वर्षीच्या स्पर्धेत पहिल्या अंकाच्या शेवटी बायकोचा अभिनय बघता बघता त्यांना इतकं भरून आलं, की दोरीऐवजी त्यांनी रुमाल धरला. बायको शेवटचं वाक्य बोलून, हात वर करून, चार मिनिटं तशीच उभी. पाचव्या मिनिटाला प्रेक्षकांतून कुणीतरी "बसा आता, ताई" म्हणालं. अभिनयाचं पदक गेलं. पुढचे तीन आठवडे घरातला संवाद चिठ्ठ्यांवर चालला.

या वर्षी बायकोनं एवढंच सांगितलं होतं, "अहो, या खेपेला पदक गेलं ना, तर मी नाटक सोडीन. मग रोज संध्याकाळी घरीच असेन."

धमकी पूर्ण लक्षात यायला त्यांना दोन दिवस लागले. मग त्यांनी कंबर कसली. महिनाभर घरी सराव झाला. "साखर संपली," बायको म्हणे; हात गप्प. "चहा संपला", हात गप्प. "अहो, दूध संपलं!" की फटकन मूठ उघडे. या शिक्षणात दोन कप आणि लोणच्याची एक बरणी गेली, पण मूठ तयार झाली. शिवाय कचेरीतल्या सवयीनं त्यांनी संहिताही लाल पेन्सिल घेऊन तपासली. अख्ख्या पहिल्या अंकात तो शब्द एकदाच होता, शेवटच्या ओळीत : "आता सगळं संपलं."

संहितेत एकदाच होता. पण सासऱ्यांचं काम करणारे गृहस्थ संहितेला फारसे बांधील नव्हते. पदरची वाक्यं घालायच्या हौसेपायी मंडळी त्यांना पदरकाकाच म्हणत.

तिसऱ्या घंटेला पडदेवाल्यांच्या घशाला कोरड पडली. दोरीशेजारच्या टेबलावर नाटकातलं सामान मांडलेलं होतं : छत्री, सूटकेस, झाकण घातलेला स्टीलचा पेला. पेल्यात दूध होतं. त्यांनी घोटभर घेतलं. घोट जरा मोठा झाला. पेला होता तसा झाकून ठेवला. मिशी पुसायची राहिली, कारण तेवढ्यात पडदा वर न्यायचा होता.

अठरा मिनिटं सगळं सुरळीत चाललं. मग सूनबाईंनी, म्हणजे बायकोनं, सासऱ्यांच्या हातात पेला दिला. इथं त्यांनी दूध पिऊन "तुझ्या हाताला चव आहे हो" एवढंच म्हणायचं होतं. पदरकाकांनी झाकण काढलं, आत पाहिलं. रिकाम्या पेल्यातून दूध पिण्याचा अभिनय काय, कुणीही करील. काकांना त्याहून मोठी संधी दिसली. त्यांनी पेला उपडा धरला आणि गहिवरून म्हणाले, "सूनबाई, या घरातलं दूध संपलं!"

मूठ उघडली. तिचा काही दोष नव्हता.

पडदा सरसर खाली आला. स्पर्धेचा नियम पाठ होता : पडदा जमिनीला टेकला की अंक संपला, आणि अंक तीस मिनिटांच्या आत संपला की नाटक बाद. पळती दोरी पडदेवाल्यांनी दोन्ही हातांनी झेलली. तळहात सोलपटले. पडदा नटांच्या कमरेशी येऊन थांबला.

नाटकातल्या नवऱ्याचं काम दिग्दर्शकच करत होते. ते सूटकेस घेऊन विंगेत उभे होते. "वर घ्या! वर घ्या!" ते कुजबुजत किंचाळले.

"वर जात नाही. दोरी कप्पीत अडकलीय."

"मग बांधा त्या खुंटीला!"

"टोक पुरत नाही. वीतभर कमी पडतंय."

"बरं, आणखी बारा मिनिटं कशीबशी काढा. तीस भरली की सोडून द्या."

"बावीस," पडदेवाले दात आवळून म्हणाले. "तिचं वाक्य चाळिसाव्या मिनिटाला आहे. पदक त्या वाक्यावर आहे."

"अहो, हात तुटतील!"

"मग धरा तुम्ही थोडा वेळ."

"माझी एंट्री आली," असं म्हणून दिग्दर्शक निघून गेले.

प्रेक्षकांना आता नुसते पाय दिसत होते. बायकोनं विंगेकडे एकदाच पाहिलं. पंधरा वर्षांच्या संसारात पडदेवाल्यांनी ती नजर चारदा पाहिली होती. मग ती शांतपणे जमिनीवर बसली. "मामंजी, खाली बसा. वर वारा फार लागतोय."

"खाली? माझे गुडघे..."

"बसा म्हणते ना!"

पदरकाका बसले. पुढच्या प्रवेशात त्यांना संतापून घर सोडायचं होतं. उठायची सोय नव्हती, म्हणून "या उंबऱ्याला पुन्हा पाय लावणार नाही!" असं गरजत ते बसल्या बसल्या सरकत गेले. नाटकातले नवरे मात्र दोन मिनिटं उभ्यानंच, पडद्यात तोंड घालून बोलले. बायकोनं विजारीला हिसका दिल्यावर तेही खाली आले.

विंगेत पडदेवाल्यांचे हात आधी दुखत होते, मग थरथरत होते, मग ते आहेत की नाहीत तेच कळेना. त्यांनी डोळे मिटले. एकतीस. पस्तीस. अडतीस. नाटकातला नवरा सूटकेस ओढत, त्यांच्याच विंगेतून, बायकोला टाकून निघून गेला. ती गुडघ्यांवर त्याच्यामागे विंगेपर्यंत आली, हात पसरला आणि म्हणाली, "आता सगळं संपलं."

पडदा हलला नाही.

पडदेवाल्यांनी डोळे उघडून मुठीला सांगितलं, सोड. मूठ ऐकेना. बोटं दोरीभोवती लाकडासारखी आवळली होती. सभागृहात कुणीतरी खोकलं.

"संपलं!" बायको पुन्हा म्हणाली. आवाज चिरकला.

काही नाही. मागच्या वर्षीची चार मिनिटं दोघांच्याही डोळ्यांपुढे एकदमच आली. बायकोनं पडदेवाल्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि सगळं बळ एकवटून हाक दिली :

"अहो! दूध संपलं!"

फटकन मूठ उघडली.

मध्यंतरात कप्पी दुरुस्त झाली आणि दुसरा अंक बिनबोभाट पार पडला. निकाल त्याच संध्याकाळी लागला. अभिनयाचं पदक बायकोला. परीक्षक म्हणाले, नवरा टाकून जातो तेव्हा या बाईला घरातलं संपलेलं दूध आठवतं, संसाराची एवढी करुणा आम्ही एका वाक्यात कधी ऐकली नव्हती. पडदा अर्धा का होता, हे त्यांनी विचारलं नाही. न समजलेलं विचारायची परीक्षकांना सवय नसते. हाताला पट्ट्या बांधलेल्या पडदेवाल्यांनाही सगळ्यांनी ओढून फोटोत उभं केलं.

"पण ते दूध प्यायलं कुणी, ते मला कळलंच पाहिजे," दिग्दर्शक म्हणाले.

"मला सापडू दे तो माणूस," बायको म्हणाली.

"लाज नसते एकेकाला," पडदेवाले म्हणाले.

पुढचे चार दिवस त्यांच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते. बायको त्यांना चमच्यानं भरवत होती. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "बावीस मिनिटं धरला हो पडदा, माझ्यासाठी!" पाचव्या दिवशी पट्ट्या सुटल्या आणि त्याच सकाळी फोटो आला. बायकोनं चष्मा लावला. आधी पदक पाहिलं, मग स्वतःला, मग कडेला उभ्या असलेल्या नवऱ्याला. फोटो डोळ्यांजवळ नेला. नवऱ्याच्या काळ्याभोर मिशीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, साय वाळली होती.

पडदेवाले नव्या कपातून चहा पीत होते.

"अहो," बायको अगदी हळू म्हणाली, "हातातला कप आधी खाली ठेवा."

त्यांनी ठेवला.

"हं. आता सांगा, दूध कसं संपलं?"