सहा ते सातचं हृदय

ऑपरेशनच्या कागदावर सही करायला मास्तरांनी साफ नकार दिला. पस्तीस वर्षं शाळेत कवायत शिकवलेला माणूस. हुकूम त्याने सोडायचे, झेलायचे इतरांनी.

“छातीत ठोके देणारं यंत्र बसवणार नाही,” ते हृदयाच्या डॉक्टरांना म्हणाले. “ज्याने हे चालू केलंय, तोच बंद करील. मध्ये तुमची लुडबुड नको.”

डॉक्टरांनी आलेख पुढे सरकवला. ठोक्यांची नोंद घेणारं एक छोटं यंत्र मास्तरांच्या छातीला चोवीस तास लावलं होतं. नोंद तुटली तर सगळं पहिल्यापासून, असं दहादा बजावून. तेवीस तास ठोके ऐन पंचविशीतल्या गड्यासारखे. संध्याकाळी सहा ते सात मात्र हृदय मध्येच चार-चार सेकंद गप्प. एखाद्या दिवशी ते कायमचं गप्प बसेल, डॉक्टर म्हणाले. ते ऐकून शेजारी बसलेल्या मास्तरीणबाईंचा चेहरा उतरला आणि मास्तरांचा आवाज चढला.

सोबत सून होती, गणिताची प्राध्यापक. हृदयात वीज कुठून निघते, कशी पसरते, कुठे अडते, याची समीकरणं मांडणं हेच तिचं काम. आकडे घातले की तिच्या संगणकावर हृदय धडधडू लागे. सासऱ्यांची नोंद तिने घरी ताडून पाहिली होती. तेवीस तास समीकरण पावलाला पाऊल जुळवून चाललं. तो एक तास काही केल्या जुळेना. शेवटी तिने झाडून सगळे आकडे बदलले, तेव्हा कुठे जमलं.

“हा बाबांच्या हृदयातला बिघाड नाही,” ती म्हणाली. “हे हृदयच दुसरं आहे.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. देव माणसाला एकच हृदय देतो, गणितवाल्यांना जादा मिळत असेल तर कल्पना नाही, असं काहीसं ते पुटपुटले. सून हटली नाही. हे खोटं ठरलं तर जन्मात खडू हातात धरणार नाही, असं ठणकावून ती सासऱ्यांकडे वळली.

“बाबा, त्या दिवशी सहा ते सात कुठे होता?”

“तलावावर. पोहण्यात खाडा नाही.”

“आणि नोंदीचं यंत्र?”

“भिजवायचं नव्हतं. नोंदही तुटू द्यायची नव्हती. मग हिच्या छातीला लावून गेलो. आल्यावर परत घेतलं.”

हे आधी का सांगितलं नाही, असं डॉक्टरांनी कपाळाला हात लावून विचारलं.

“विचारलं कुणी? तुम्ही तर थेट चाकूवरच आलात.”

आता सगळे मास्तरीणबाईंकडे बघू लागले. चक्कर येते का? येते की, त्या म्हणाल्या. ओट्यापाशी डोळ्यांपुढे अंधारतं, कड धरून उभं राहिलं की जातं. त्यात सांगण्यासारखं काय?

मास्तर ताडकन उठले. “हिला यंत्र आजच बसवा. आणा तो कागद, मी सही करतो.”

“छाती माझी, सही माझी,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “तुम्ही बाहेर थांबा.”

मास्तर मुकाट्याने बाहेर गेले आणि रिकाम्या बाकाशेजारी उभेच राहिले.

आत मास्तरीणबाईंनी पेन उचललं, पण टेकवलं नाही. “तुझ्या गणितात मी कशी दिसते गं?”

सुनेने आलेखातल्या त्या एका तासावर बोट ठेवलं. “मध्येच थांबता. पण थांबल्याचं कुणाला कळू देत नाही, आणि पुन्हा आपल्या आपण चालू लागता.”

मास्तरीणबाईंनी कागद जवळ ओढला.

“गणित बरोबर आहे,” त्या म्हणाल्या, आणि सही केली.