उणकल आलं, उठा!

त्या काळी धारवाडहून हुबळीला जाणाऱ्या सकाळच्या पॅसेंजरमध्ये तुम्हाला बसायला मिळालं, तर ती जागा आपली असं समजण्यात अर्थ नव्हता. जागा श्रीपादअण्णांची असायची. त्यांनी ती तुम्हाला उणकलपर्यंत वापरायला दिलेली असायची.

अण्णा म्हणजे सुभाष रोडमागच्या बोळात एकटे राहणारे सडसडीत गृहस्थ. हुबळीत कुठल्याशा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. लग्नाचं विचारलं तर "सवड झाली नाही की वो" म्हणून मोकळे व्हायचे. आम्ही पासवाली दहाबारा मंडळी रोज एकाच डब्यात चढायचो आणि त्या डब्याचा कारभार अण्णांनी आपण होऊन अंगावर घेतला होता. खिडकीतून उणकलचं तळं दिसलं रे दिसलं की टाळी वाजवून ओरडायचे, "एळ्री, एळ्री! उणकल आलं! बसलेले उठा, उभे असलेले बसा! नियम म्हंजे नियम!"

गंमत म्हणजे माणसं मुकाट्यानं उठायची. एकदा काळ्या कोटातले एक जाडजूड वकील उठेनात. "मी तिकीट काढलंय," म्हणाले.

"तिकीट हुबळीचं काढलंत, वकीलसाहेब. बाकाचं नव्हे."

सगळा डबा हसला. वकील उठले, आणि दुसऱ्या दिवसापासून तेच इतरांना उठवायला लागले.

मी हुबळीच्या शाळेत शिकवायची, त्यामुळे हिशेबातली चूक मला खुपायची. एकदा म्हटलंच, "अण्णा, उणकल म्हंजे हुबळी आलीच की. अर्धी वाट केव्हाच होते."

"होऊ दे की, बाई. मधे सगळं माळरान. अर्धी झाली म्हणून कोण कबूल करतंय? तळं दिसलं की कुणाला नाही म्हणता येत नाही."

आज आधी उभं राहिलेल्यानं उद्या आधी बसायचं, असा त्यांचा न्याय होता. स्वतः मात्र ते कधीच बसले नाहीत. "मी बसलो तर बघणार कोण?" म्हणायचे.

पुढं रुळांचं काम निघालं आणि आमच्या आधीची गाडी बंद झाली. दोन गाड्यांची माणसं एका गाडीत आली. तारिहाळला कारखान्यात जाणारे कामगार, कॉलेजची पोरं, भाजीच्या बुट्ट्या. चढताना पायात असलेली चप्पल उतरताना असेलच याची खात्री राहिली नाही. आम्ही रडकुंडीला आलो, अण्णांना मात्र चेव आला. त्यांनी तिघांच्या बाकावर पाच जण बसवले. दोघं मागं टेकून आणि तिघं पुढं सरकून. वाटेतलं नवलूर स्टेशन आलं की टेकलेल्यांनी पुढं सरकायचं, असं एक पोटकलमही काढलं.

मग एक दिवस स्टेशनच्या फळ्यावर आमचीही गाडी रद्द झाल्याचं लिहिलेलं दिसलं. अण्णा त्या फळ्यासमोरून हलेनात.

"आता?" त्यांनी मला विचारलं.

"आता बस, अण्णा."

"बसमधे कुठं मंडळी जमतात, बाई?"

ते खरंच होतं. बसमध्ये जागा मिळेल तिथं आम्ही विखुरलो. अण्णा दांडा धरून उभे होते आणि कंडक्टर "मुंद होग्री, मुंद होग्री" करत त्यांना पुढं ढकलत होता. उणकलचं तळं आलं आणि गेलं. टाळी वाजली नाही.

विद्यानगर आलं आणि अण्णा चक्क खाली उतरले.

"इथं कुठं, अण्णा?" मी खिडकीतून ओरडले.

"ऑफिस," त्यांनी खाली मान घालून समोरच्या इमारतीकडे बोट केलं.

बसचा थांबा ऑफिसच्या दारात! आणि हा माणूस इतकी वर्षं आमच्याबरोबर पार हुबळी स्टेशनपर्यंत जायचा, आम्ही पांगलो की सिटी बस धरून उलटा इथं यायचा. मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. शेवटच्या स्टँडवर उतरल्यावर मी सगळ्यांना हे सांगितलं. वकीलसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी तळं दिसलं आणि मागच्या सीटवरून वकिलांची कोर्टातली आरोळी आली, "एळ्री! उणकल आलं!" आम्ही सगळे ताडकन उभे राहिलो. आमच्या शेजारची परकी माणसंही घाबरून उठली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. "एनायतरी? काय झालं?" करत कंडक्टर धावत आला. वकिलांनी अण्णांचा दंड धरून त्यांना आपल्या जागेवर बसवलं. अण्णा गुडघ्यांवर हात ठेवून, नव्या जावयासारखे लाजत बसले. त्यांना बसलेलं आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

विद्यानगर आलं.

"अण्णा, तुमचं ऑफिस," मी म्हटलं.

"उणकलनंतरची जागा शेवटापर्यंत असते, बाई. नियम म्हंजे नियम."

आणि त्यांनी मूठ उघडून तिकीट दाखवलं. धारवाडला चढतानाच त्यांनी ते शेवटच्या स्टँडपर्यंतचं काढलं होतं.