कस्तुराबाई मागं सरल्या

जानरावांची फटफटी अंगणात उभी होती आणि तिच्या दोन्ही चाकांतली हवा गेली होती. कुंपणासाठी तोडलेल्या बाभळीच्या फांद्या त्यांनी स्वतःच वाटेत टाकल्या होत्या आणि स्वतःच त्यांच्यावरून फटफटी आणली होती. दुसऱ्या कोणावर खापर फोडावं तर घरात दुसरं होतं कोण? एक कस्तुराबाई, आणि त्या तर तीन महिने त्यांच्याशी बोलत नव्हत्या.

बोलत नव्हत्या म्हणजे सरळ बोलत नव्हत्या. जे काय सांगायचं ते गोठ्यातल्या कपिली गाईला सांगत. "कपिले, सांग त्याहिले, भाकर वाढली हाये." कपिली रवंथ करत राहायची आणि जानराव मुकाट्याने पाटावर बसायचे.

कारण फटफटीच होती. दुसरं महायुद्ध संपलं, लष्कराने आपल्या फटफट्या अकोल्याला विकायला काढल्या, आणि जानरावांनी घरची दमणी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, अन् ढवळ्या-मोऱ्याची बैलजोडी तांड्यावरच्या लालसिंगला देऊन टाकली. ते फटफटत मेडशीत शिरले तेव्हा अर्धं गाव पाहायला जमलं होतं. तीस वर्षं त्या दमणीत बसलेल्या कस्तुराबाईंनी सगळ्यांच्या देखत कपिलीला सांगितलं, "या फटफटीवर म्या बसली तं कस्तुरा नाव नाई सांगनार!"

उद्या शिरपूरला त्यांच्या लेकीच्या, मनकर्णेच्या घरी नातवाचं बारसं होतं. कस्तुराबाईंनी पुंजाजीची बैलगाडी सांगून ठेवली होती. जानराव फटफटीवर जाणार होते. पण नातवाचं तोंड पाहायला आजी एकीकडून आणि आजा दुसरीकडून, हे काही त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. बायको मागे बसावी आणि दोघांनी मिळून लेकीच्या दारात उतरावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी आधी चाकं नीट व्हायला हवी होती.

सायकली आणि कंदील दुरुस्त करणारा गफ्फार सकाळीच आला. त्याने फटफटीभोवती दोन चकरा मारल्या. "भाऊ, एक-एक चाक काढू. एक बसवलं का मंग दुसरं."

"अरे, म्या जिंदगीत शंभर गाड्यांची चाकं काढली," जानराव म्हणाले. "आसाखाली टेकू देला का दोनी चाकं संगंच निंगतात. वंगण देतानी काय करतो आपून?"

गाडीची चाकं डावी-उजवी असतात आणि फटफटीची मागं-पुढं, ही गोष्ट तशी लहान पोरालाही दिसण्यासारखी होती. पण शंभर गाड्यांचा अनुभव आड आला की समोरचंही दिसत नाही. जानरावांनी उखळ पालथं घातलं आणि दोघांनी हुश्शहुश्श करत फटफटीचं पोट त्यावर टेकवलं.

ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसलेल्या कस्तुराबाई म्हणाल्या, "कपिले, ते उखळ माह्यं हाये म्हण."

मागचं चाक निघालं. फटफटी जागची हलली नाही. जानरावांनी मिशीवरून हात फिरवला. "पाह्यलं?" मग पुढचं चाक निघालं, आणि फटफटीने पाणी प्यायला वाकलेल्या म्हशीसारखं तोंड खाली घातलं. जानरावांनी झेप घेऊन हँडल धरलं आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "मागं सर!"

तीस वर्षं दमणी हाकताना ते हेच ओरडत आले होते. उतार लागला, बैलांच्या मानेवर भार आला की "मागं सर". चढ लागला की "पुढं सर". आणि तीस वर्षं कस्तुराबाई कसलाही विचार न करता सरत आल्या होत्या. आताही तेच झालं. सूप खाली पडलं, डाळ अंगणभर झाली आणि कस्तुराबाई धावत येऊन फटफटीच्या मागच्या गादीवर गच्च बसल्या. फटफटीचं तोंड वर आलं.

 मग कस्तुराबाईंनी आपण कशावर बसलो ते पाहिलं. "कपिले! हे म्या काय करून बसली व!"

"हालू नका वयनी!" गफ्फार ओरडला. "उतरल्या तं फटफटी तोंडावर जाईन. भाऊ, तुमी हँडल सोडू नका. म्या आत्ता येतो चाकं घेऊन." तो फाटकापर्यंत गेला, काय वाटलं कोण जाणे, परत आला. भिंतीला टेकवलेला पाटा उचलून त्याने दोन-चार विटा रचून त्यांच्यावर, फटफटीच्या पुढच्या दांड्यांखाली सरकवला आणि चाकं घेऊन निघून गेला.

जानरावांनी खाली पाहिलं. दांडे पाट्यावर छान टेकले होते. आता कस्तुराबाई उतरल्या काय आणि नाचल्या काय, फटफटी पडणार नव्हती. सांगायला त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं, आणि हँडल आणखी घट्ट धरलं.

"लय जड हाये," ते दात-ओठ खात म्हणाले.

"कपिले, सांग, बैल असे जड नव्हते."

"कपिली चराले गेली," जानराव म्हणाले. "आता माह्याशीच बोला लागन."

 डाळीवर चिमण्या उतरल्या. शेवटी मागून आवाज आला, तोही हलका. "मले न पुसता देले बैल. जातानी मोऱ्याच्या मानेवरून हातबी फिरवू नाई देला."

"चुकलं माह्यं," जानराव म्हणाले. हे दोन शब्द तीन महिने त्यांच्या घशात अडकले होते. "आपली मनू सासरी बिमार होती, तवा आपून दमणीनं गेलो, ध्यानात हाये? सकाळी निंगालो अन् दिवे लागल्यावर पोचलो. तू वाटभर रडत होती. म्या मागं वळून नाई पाह्यलं, पन आयकत होतो. बैल तरी किती पयतीन बिचारे? तवाच मनात घेतलं का लेकीच्या घराले आपल्याले इतका येळ नाई लागला पायजे."

"मंग हे सांगाले काय झालतं?"

"तू गाईशी बोले. माह्याशी कुठी बोले?"

कस्तुराबाईंनी पदराने डोळे पुसले. "ढवळ्याच्या गुडघ्याले तेल लावते का तो लालसिंग?"

"म्या लावतो. दर बाजाराच्या दिवशी जातो ना तांड्यावर. मोऱ्या माह्या खिशात तोंड घालते, गुळासाठी."

तेवढ्यात शेजारची धुरपताबाई विरजण मागायला आली आणि वाडगं हातात तसंच राहिलं. "अवं माय! कस्तुराबाई, तुमी फटफटीवर?" मग सगळं ऐकून म्हणाली, "मंग असं बसून काहून राह्यल्या? जवारीचं पोतं ठेवा अन् उतरा. म्या आनतो धरून."

जानरावांनी धुरपताबाईकडे डोळे वटारले. पण कस्तुराबाईच म्हणाल्या, "राहू दे व. पोतं घसरते."

"बांधून टाकू ना!"

"विरजण शिक्यावर हाये, धुरपता. घे अन् जाय."

गफ्फार आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. कस्तुराबाई बसल्या जागेवरून मनकर्णेच्या सासूच्या तऱ्हा सांगत होत्या आणि जानराव हँडलवर रेलून हसत होते. गफ्फारने चाकं बसवली, पाटा काढला आणि जानरावांच्या कानाशी लागला. "भाऊ, म्या पाटा देऊन गेलतो ना! वयनी अजून कायले बसल्या?"

"चूप राह्य," जानराव पुटपुटले. "तिले माईत नाई."

"माह्या घरचा पाटा उचलून नेला अन् मले दिसनार नाई?" मागून आवाज आला. "फाटकाबाहीर बी नव्हता गेला गफ्फार, तवाच पाह्यला म्या." कस्तुराबाई उतरल्या, लुगडं झटकलं आणि चिमण्या हाकलत डाळ वेचायला लागल्या. "पुंजाजीले निरोप धाडा, गाडी नोको म्हणा. अन् फटफटी बैलाच्या चालीनं चालवा लागन, आधीच सांगून ठेवतो."

"अन् तुह्यी शपथ?"

"शपथ कपिलीजोळ घेतली होती. तिचं अन् माह्यं आमी पाहून घेऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी फटफटी गावाबाहेर पडली. मागे कस्तुराबाई, मांडीवर टोपडं आणि झबल्याचं गाठोडं, आणि दोघांच्या मध्ये वीतभर अंतर. रस्ता अगदी सपाट होता.

"पुढं सर," जानराव म्हणाले.

"कायले? चढ कुठी हाये?"

"येईन पुढं."

कस्तुराबाईंनी लांबवर पाहिलं. चढ कुठेच दिसत नव्हता. त्या पुढं सरल्या.