आठव्या पसंतीचे कॉलेज

भिंगरीच्या प्रवेशअर्जात कॉलेजांच्या नावांसाठी आठ ओळी होत्या आणि त्यांतली एकही रिकामी सोडायला घरातले कोणी तयार नव्हते. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागेल, असा नियम असल्यामुळे नावांच्या क्रमाला फार महत्त्व आले होते. हा क्रम लावण्याचे काम आजोबांनी आपल्याकडे घेतले. ते यंत्रांच्या कारखान्यात चौतीस वर्षे ड्राफ्ट्समन होते आणि अजूनही किराण्याची यादी टी-स्क्वेअरची पट्टी लावून आखत.

"दोन मोठी कॉलेजं आणि हमखास मिळेल असं एक सुरक्षित. बास झालं," भिंगरी म्हणाली.

"एकच?" आजोबांनी चष्मा काढला. "लिफ्टचा दोर जेवढं वजन पेलतो ना, त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढंच वजन त्याला देतात. त्याला म्हणायचं सुरक्षित."

"म्हणजे माझे एक्याण्णव टक्के नऊ धरायचे?"

"नऊ पूर्णांक एक," आजोबांनी दुरुस्ती केली.

बाबा विमा कंपनीत दावे तपासत, त्यामुळे जे अजून घडलेले नाही ते त्यांना आधीच दिसत असे. "हे कॉलेज सगळ्यांनाच सुरक्षित वाटतं," ते म्हणाले. "म्हणजे सगळे तिथेच अर्ज करणार. म्हणजे खरा धोका तिथेच!"

म्हणून सुरक्षित कॉलेजासाठी आणखी एक सुरक्षित कॉलेज शोधले गेले. तिकडे एकच बस जात असे. ती बंद पडली तर काय, म्हणून चालत जाण्याजोगे तिसरे. त्याच्या भिंतीला बाबांना तडा दिसला, म्हणून चौथे. औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहून आलेली आई हे सारे ऐकून म्हणाली, "एवढी खात्री तर मी खोकल्याच्या औषधाचीसुद्धा देत नाही."

आठव्या ओळीसाठी बाबांना असे कॉलेज हवे होते, की जिथे कोणी जातच नाही. तेही सापडले. जुन्या कापडगिरणीच्या इमारतीत मोजमापाची उपकरणे बनवायला शिकवणारे ते छोटे कॉलेज होते. जागा साठ, मागच्या वर्षी विद्यार्थी एकेचाळीस. बाबांचा जीव भांड्यात पडला. तरी खातरजमा हवी, म्हणून त्यांनी भिंगरीला तिथे पाठवले. ती सकाळी दहाला गेली आणि संध्याकाळी पाचला परतली. नखांत तेल होते आणि डोळ्यांत चमक.

"जागा रिकाम्या आहेत ना?" बाबांनी दारातच विचारले.

"आहेत. बाबा, तिथल्या बाईंनी मला माझ्याच केसाची जाडी मोजू दिली! मला ना ते..."

"किती रिकाम्या?"

"एकोणीस," भिंगरी म्हणाली आणि हात धुवायला गेली. ती जेवताना पुन्हा तेच सांगू लागली, तेव्हा आजोबांनी जागांचा आकडा विचारला. दुसऱ्या दिवशी आईनेही तोच विचारला. चार वर्षे जिला तिथे काढायची होती, तिला दुसरे काही विचारायचे कोणाला सुचले नाही.

अखेर आजोबांनी यादी मोठ्या कागदावर आखली. तळाशी तीन चौकोन होते: 'आखले', 'तपासले' आणि 'मंजूर'. पहिल्या दोहोंत आजोबांची सही होती. तिसरा वादावादीत रिकामा राहिला. क्रमांकांच्या रकान्याने खोडरबराचा इतका मार खाल्ला होता, की तिथे नुसता राखाडी ढग उरला होता. शेवटच्या दिवशी आई दुकानात, बाबा कचेरीत आणि आजोबा डोळ्यांच्या डॉक्टरकडे असताना भिंगरीने यादी समोर ठेवून अर्ज भरला.

पाचव्या दिवशी संदेश आला. "पहिल्या पसंतीचं मिळालं!" बाबा ओरडले, आईने भिंगरीला मिठी मारली. मग बाबांनी पुढची ओळ वाचली आणि संदेश आजोबांपुढे धरला. "अण्णा, हे तर गिरणीतलं!"

आजोबांनी अर्जाची प्रत आणि आपली यादी शेजारी ठेवली. अर्जात गिरणीतले कॉलेज पहिले होते आणि सर्वांत मोठे आठवे. दोष त्यांना तत्काळ सापडला. यंत्राच्या ड्रॉइंगमध्ये सुट्या भागांची यादी तळाच्या चौकोनांवर उभी असते आणि वर वाढत जाते; नवा भाग आला की तो डोक्यावर चढतो. एक क्रमांक सर्वांत खाली. आजोबांनी कॉलेजेही तशीच रचली होती.

"पोरीने वरून वाचलं," ते खचून म्हणाले. "तिची काय चूक? क्रमांकच नाहीत. असं ड्रॉइंग मी कारखान्यात साहेबांच्या टेबलावर ठेवलं नसतं."

ते तडक आपल्या खोलीत जाऊन विद्यापीठाला विनंतीअर्ज लिहू लागले: 'सदर चूक सर्वस्वी माझी असून माझ्या नातीचे नुकसान होऊ नये.' पुरावा म्हणून एखादे जुने ड्रॉइंग जोडावे, या विचाराने त्यांनी कागदांची नळी उपडी केली. पहिलाच कागद उलगडला तो खेळण्यातल्या गाडीचा. आठ वर्षांच्या भिंगरीला शेजारी बसवून त्यांनी तो तिच्याच हातून आखून घेतला होता. वेड्यावाकड्या अक्षरांत सर्वांत खाली 'चाक', सर्वांत वर 'झेंडा', आणि बाजूला ठसठशीत सूचना: 'खालून वाचावे.'

आजोबांनी तो कागद कॉलेजांच्या यादीशेजारी ठेवला.

"भिंगरे, जरा इकडे ये," त्यांनी हाक मारली. "यादी कुठून वाचतात गं?"

भिंगरीने गाडी पाहिली, मग आजोबांकडे पाहिले. "खालून," ती हळूच म्हणाली.

"मग?"

"तीनदा सांगायला आले होते, आजोबा. तिन्ही वेळा तुम्ही सगळ्यांनी जागाच मोजल्यात."

आजोबांनी विनंतीअर्जाची चौघडी घातली आणि तो खणात टाकला. मग आठ कॉलेजांची यादी तिच्यासमोर पसरली, पेनाचे टोपण काढले आणि 'मंजूर'च्या चौकोनावर बोट ठेवले. भिंगरीने सही केली.

"अण्णा, झाला का अर्ज लिहून? मी आत्ता नेऊन देतो!" बाहेरून बाबा ओरडले.

"रद्द!" आजोबांनी उत्तर दिले. "फेरतपासणीत चूक सापडली नाही."