कागदोपत्री बुडालेली माणसं

“समोरचा काठ बघत राहील, असा सराव करून दाखवतो,” असं गावप्रमुख सीथोन आठवडाभर ज्याला त्याला ऐकवत होता. मेकाँगच्या या काठाला लाओस, त्या काठाला थायलंड. दोन्ही देशांनी मिळून पुराच्या इशाऱ्याचे भोंगे बसवले होते आणि त्या दिवशी पहिली रंगीत तालीम होती. भोंगे वाजले की दोन्हीकडच्यांनी आपापल्या टेकडीवर जायचं. इतकं साधं काम.

भोंगा वाजला, पण फक्त अलीकडचा. पलीकडचा मुकाच राहिला.

सीथोनचं गाव शहाण्या मुलासारखं टेकडी चढलं. म्हाताऱ्या, कोंबड्या, ओढत आणलेलं एक डुक्करसुद्धा. वर उभ्या असलेल्या दोन्ही देशांच्या साहेबांनी माना डोलावल्या. सीथोनची छाती फुगली. तेवढ्यात एक साहेब म्हणाले, “त्या होड्या कसल्या?”

पलीकडून होड्याच होड्या सुटल्या होत्या. सगळ्यांत पुढे सीथोनची थोरली बहीण चंथाला, लग्न होऊन पलीकडे गेलेली.

“तिकडे भलतंच काही झालंय,” कुणीतरी म्हणालं. “उगाच का पळून येतील?”

झालं. अख्खं गाव त्यांना वाचवायला उतारावरून खाली धावलं. “अरे, वर थांबा, वर,” असं ओरडत सीथोनही त्यांच्यामागून खालीच गेला.

पाण्याच्या कडेला दोन्ही गावं एकमेकांना भिडली.

“ताई, काय झालं तिकडे?”

“आम्हाला काय व्हायचंय? तुझ्याकडे बोंब उठली म्हणून आलो. पूर्वी तुमच्या विहारातला ढोल वाजला की आमचे मामंजी जेवणावरून उठून होडी काढायचे. आता ढोलाचा भोंगा झाला, एवढंच.”

कर्णा घेतलेले साहेब धापा टाकत शेवटी पोचले. “पाणी पहिल्यांदा इथेच चढणार. कागदावर तुम्ही सगळे बुडालात.”

“बुडालेल्यांना जेवण आहे ना, साहेब?” चंथालाने विचारलं. “आमचा भात चुलीवरच राहिलाय.”

साहेबांनी हसू दाबून पाहिलं, जमलं नाही. टेकडीवर शिजवलेला चिकट भात नि भाजलेले मासे खाली आणावे लागले. शेरा पडला: दोन्ही गावं नापास. सीथोन मान खाली घालून बसला होता. बहिणीने त्याच्यापुढे मोठा मासा सरकवला. “खा, प्रमुखसाहेब.”

आता भोंगे सुधारलेत, दोन्हीकडे एकदम वाजतात. जो तो आपल्या टेकडीवर. दोन्ही गावं दरवर्षी पास होतात. म्हातारा सीथोन वरून हात हलवतो. पलीकडच्या टेकडीवरून कुणीतरी हलवतं. ती चंथालाच, असं तो धरून चालतो.