निर्व्यसनी असल्याचा दाखला

सर्वेश दारू पीत नाही, अशी तोंडी माहिती आमच्या व्यसनमुक्ती समितीपुढे आली, तेव्हा समितीने ती अत्यंत गांभीर्याने घेतली. मी समितीचा सचिव. मुलगा चोवीस वर्षांचा, माशासारखा पोहणारा. किनाऱ्यावर जीवरक्षकाची नोकरी त्याच्या हातात आलेली, फक्त महिन्याच्या आत आमचा निर्व्यसनी असल्याचा दाखला जोडायचा होता.

पण कुणीही यावं आणि दाखला न्यावा, इतके आम्ही भोळे नाही. नियम पाच स्पष्ट आहे: अर्जदाराला आग्रह झाला आणि त्याने नकार दिला, हे प्रत्यक्ष पाहणारे दोन साक्षीदार हवेत.

"मी पिणंय नाय काकानू, आख्ख्या गावाक म्हायत आसा," सर्वेश म्हणाला.

अध्यक्ष विश्रामकाकांनी चष्मा काढला. "अरे, पण तू आमच्यात बसतंस खंय? बसलंसच नाय, तर नको म्हणताना तुका बघतलो कोण?"

मुद्दा बिनतोड होता. सर्वेश बसायला लागला.

पहिली संधी सदस्य मिंगेल यांच्याकडच्या फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, जेवणाची. सर्वेशने ग्लासावर हात ठेवला. मिंगेल म्हणाले, "नाका म्हटलंस मां? संपला. सोलकढी घे." आणि त्याला दुसऱ्यांदा मटण वाढलं. समितीने ही साक्ष फेटाळली. एकदाच विचारणं म्हणजे आग्रह नव्हे. मिंगेल यांना आग्रहाचं प्रशिक्षण द्यावं, अशी सूचनाही आली. त्यांनी त्याच बैठकीत राजीनामा दिला.

दुसरी संधी विश्रामकाकांच्या पुतण्याच्या हळदीची. तिथे सर्वेशने सात वेळा नकार दिला. नवरदेव रुसला, त्याच्या बापाने "आमची दारू तुका चलना नाय?" म्हणून आवाज चढवला, दोन मित्र कायमचे तुटले. नकार अगदी नियमात बसणारा होता. दुर्दैवाने दोन्ही साक्षीदारांना दुसऱ्या दिवशी हळद कोणाची होती हेही आठवेना.

मुदतीला एक दिवस उरला. त्या दुपारी विश्रामकाकांच्या होडीला नवं इंजिन बसलं. गावाच्या राखणदार देवाला नारळ, कोंबडा आणि बाटली दाखवून गाऱ्हाणं घातलं. राखणदार घोटभरावर समाधानी असतो. उरलेल्याची जबाबदारी गाव घेतं.

"ह्यो प्रसाद, झिला. ह्येका नाय म्हटलंस आणि होडयेक काय झाला, तर?"

काकांच्या एका हातात ग्लास होता, दुसऱ्यात दाखला. तेव्हा मीच म्हणालो, "घे रे. एकान काय होता?"

सर्वेशने दाखल्याकडे पाहिलं आणि ग्लास संपवला. तोंड वाकडं झालं. टाळ्या पडल्या.

"आता आमचो झालो!" काकांनी त्याची पाठ थोपटली आणि तिथेच सही केली. प्रसाद व्यसनात धरत नाहीत, असा ठराव उभ्याउभ्याच झाला. मी सचिव म्हणून खाली सही केली. ती थोडी तिरकी आली.

सर्वेशला नोकरी लागली आणि आमंत्रणंही सुरू झाली. रुसलेला नवरदेव घरी न्यायला येऊ लागला. आज बारसं, उद्या क्रिकेटचा चषक, परवा कुणाचं फाटलेलं जाळं शिवून झालं म्हणून. आठ महिन्यांनी एका दुपारी तो टेहळणीच्या मचाणावर झोपलेला सापडला. खाली पर्यटकांची पोरं लाटांत खेळत होती. नशिबाने कुणी बुडालं नाही. नोकरी मात्र गेली.

समितीने तातडीची बैठक घेऊन कारणं शोधली: मोबाइल, पर्यटक आणि गोव्याकडून येणारी हवा. एवढ्यात सर्वेशची आई, सावित्रीबाई, आत आल्या.

"माज्या झिलाक पयलो गिलास कोणी दिल्यान?"

प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्यामुळे चर्चेला घेता आला नाही. मला लाज वाटली, पण तीही विषयपत्रिकेवर नव्हती.

आता विश्वेश नावाच्या मुलाचा अर्ज आला आहे. तोही पीत नाही म्हणतो. मिंगेल यांनी राजीनामा दिल्यापासून समितीत एक जागा रिकामी आहे. पात्रता एकच: नको म्हणणाऱ्या एखाद्या पोराला हळदीत, बारशात, कुठेही, "एकानं काय होतंय" असं कधीतरी म्हटलेलं असावं. आपण अर्ज पाठवू नये. आपलं नाव आम्ही यादीत आधीच घातलं आहे.