बोरकुटे डाक्टरांची दुर्बीण

बोरकुटे डाक्टरांना कुणी नमस्कार केला की ते उलट नमस्कार करत नसत. ते विचारत, "सकाळी कसं झालं?"

आणि हे चारचौघांत, मोठ्यानं. मी वनखात्याच्या डेपोत कारकून म्हणून नवा आलो, तेव्हा सागवानाच्या थप्पीपलीकडून त्यांनी मला हाच प्रश्न केला. मला वाटलं, प्रवासाबद्दल विचारतात. मी म्हणालो, "रस्ता फार खराब होता. तीनदा थांबावं लागलं." डाक्टरांचा चेहरा गंभीर झाला. "तीनदा? अन् घट्ट का पातळ?"

खरं म्हणजे ते ढोरांचे डाक्टर. अहेरीच्या पुढं, भामरागडच्या वाटेवरच्या आमच्या गावात ढोरांचा एक दवाखाना होता आणि त्यात सरकारनं एक सूक्ष्मदर्शक यंत्र दिलेलं होतं. गाव त्याला दुर्बीण म्हणे. गाईबैलांच्या शेणातले किडे बघायला म्हणून ती आली होती. बोरकुटे डाक्टरांनी तिच्याखाली हळूहळू सगळं गाव आणलं.

याची सुरुवात एका बैलापासून झाली. एका शेतकऱ्याचा बैल रात्री सुटला आणि खळ्यातल्या धानाच्या राशीवर तुटून पडला. सकाळी पोट फुगलेलं, मान खाली, रवंथ बंद. औषधं पाजून झाली, काही होईना. शेवटी डाक्टरांनी एक जुना इलाज केला. शेजारच्या गोठ्यात रवंथ करत बसलेल्या धडधाकट गाईच्या तोंडात हात घालून चोथ्याचा गोळा काढला आणि या बैलाच्या घशात सारला. असं दोन-तीनदा केलं. बैल पुन्हा रवंथ करू लागला.

"एकाच्या पोटातले चांगले जंतू दुसऱ्याच्या पोटात गेले," डाक्टर मला सांगत. "पोटात गाव असते, बाबू. त्यात पाटील असते, कोतवाल असते, चोर बी असते. चोर नाई असं गाव नाई. पण चोर जास्ती झाले अन् पाटील पळाला, का गाव उजाड. ढोरात असं होते, तं माणसात काऊन नाई होणार?"

हे माझ्या बायकोनं, सुमतीनं, दाराआडून ऐकलं. त्या दिवसापासून डाक्टर घरी आले की ती तोंडाला पदर लावून बसे. माणसांच्या नशिबानं त्यांचा इलाज ताक आणि आंबिलीवरच थांबला होता.

बुधवारी गावचा बाजार. आजूबाजूच्या पाड्यांवरून लोक मोह, चारोळी, डिंक घेऊन येत आणि येताना डाक्टरांसाठी एक वेगळी पुडी आणत. कुणी काड्यापेटीत, कुणी पळसाच्या द्रोणात. एकदा एकाच्या हातून बाजारातच पुड्यांची अदलाबदल झाली आणि चारोळीची पुडी डाक्टरांपुढं आली. दुसरी पुडी व्यापाऱ्यानं उघडली. तो पुढं दोन बाजार आलाच नाही.

डाक्टर काचेवर थेंब घेत, एक डोळा मिटत, दुसरा नळीला लावत आणि "हं... हं..." करत. समोरचा बोलत राही. मग मान वर न करता निकाल येई. "पाटील हाय, पण झोपला. आंबील घे." किंवा, "चोर मातले. तिखट बंद, ताक चालू." राग, झोप, नवरा-बायकोची कटकट, सगळ्याचं मूळ त्यांना त्या काचेवर सापडे. आमचे रेंजरसाहेब कुणावर ओरडले की डाक्टर म्हणत, "त्याले राग नाई येत. त्याचे जंतू भडकते."

धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडणारे दोन भाऊ एकदा त्यांच्याकडं आले. एकमेकांशी बोलणं बंद, पण पोट दोघांचंही दुखत होतं. डाक्टरांनी दोन्ही काचा पाळीपाळीनं बराच वेळ बघितल्या आणि म्हणाले, "आता मी काय सांगू? दोघाइच्या पोटात एकच गाव हाय. एकाच मायचं दूध पेले ना रे तुम्ही. एका मडक्यातली आंबील पेसान तं दोघं सुधरसान, नाई तं एक बी नाई." ते महिनाभर एका मडक्यातली आंबील प्याले. पोटं सुधारली. धुऱ्याचंही मिटलं.

सुमतीला तापासाठी शहरातून आणलेल्या नव्या गोळ्या दिल्या होत्या. ताप गेला आणि पोट बिघडलं ते सुधरेना. शेवटी तिनंच मला काड्यापेटी रिकामी करायला सांगितली. डाक्टरांनी काचेत बघून निदान केलं, "गोळ्याइनं चोर मारले, संग पाटील बी मारला." ताकावर ती हळूहळू सावरली. मात्र एक गोष्ट सांगायला हवी. रक्त पडत असेल, डोळे खोल गेले असतील, तर डाक्टर दुर्बिणीजवळ जातही नसत. डेपोचा ट्रक अडवून माणसाला त्यात घालत आणि चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवत.

सगळ्यांत नेमानं येई ती सोमीबाई. जंगलातल्या पाड्यावर एकटी राहणारी म्हातारी, दगड पचवील अशी प्रकृती. तिला काही होत नसे. तरी दर बुधवारी पुडी घेऊन हजर. डाक्टर काचेत बघत, ती पायरीवर बसून बोलत राही. कोंबडी कुणी नेली, जावयानं काय म्हटलं, गुडघा कुठं दुखतो. शेवटी डाक्टर म्हणत, "तुया पाटील पहेलवान हाय, बाई." ती खुशीत बाजाराला जाई.

एका हिवाळ्यात चांद्याहून मोठे साहेब दवाखाना तपासायला आले. दवाखान्यात कारकून नव्हता, म्हणून कागदांसाठी त्यांनी मलाही बोलावलं होतं. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला, चक्र फिरवलं, आरसा हलवला, पुन्हा डोळा लावला.

"बोरकुटे, यातून काही दिसत नाही. आतल्या काचांना बुरशी धरलीय. कधीपासून?"

डाक्टर टेबलावरच्या काचा गोळा करू लागले. मीही वाकून बघितलं. आत नुसतं दुधाळ, राखी धुकं. साहेब वाईट नव्हते. दुरुस्तीला पाठवू म्हणाले आणि पेटी जीपमध्ये ठेवून घेऊन गेले.

संध्याकाळी मी डाक्टरांकडं गेलो. दुर्बीण ठेवायची जागा ते फडक्यानं पुसत होते. ती आधीच स्वच्छ होती.

"कधीपासून दिसत नव्हतं, डाक्टर?"

"मागच्या पावसाळ्यापासून." ते पुसत राहिले. "ढोराचं मले शेण पाहूनच समजते. त्याले यंत्र नाई लागत."

"मग आम्हाला काय सांगत होता? त्या भावांना? सुमतीला?"

"तुम्हीच सांगत होते ते. पुडी देता देता माणूस सगळं बोलून टाकते, बाबू. काय खाल्लं, काय औषध घेतलं, कोनासंग भांडला. मी काचेत डोळा घालून ऐकत राहो. समोर पाहून ऐकलं तं माणूस बोलत नाई."

"पण यंत्र बिघडलं, एवढं सांगायचं तरी."

"सांगतलं असतं," डाक्टर म्हणाले, "तं इथी कोन आलं असतं?"

गावात त्यांच्याकडं जाणं-येणं कुणाचं होतं, हे मी मनात शोधू लागलो. पुडीशिवाय गेलेलं कुणी आठवेना. मी स्वतःसुद्धा त्यांच्याकडं नुसता बसायला असा त्याच दिवशी पहिल्यांदा गेलो होतो.

पुढच्या बुधवारी दुर्बीण गेल्याची बातमी बाजारभर झाली होती. पुड्या आणलेले लोक दवाखान्यापर्यंत आले, दारातून रिकामं टेबल बघितलं आणि बाजाराकडं वळले. डाक्टर आत खुर्चीवर पाठमोरे बसले होते. मी डेपोतून बघत होतो. शेवटी राहवेना म्हणून निघालो, तर माझ्या पुढं सोमीबाई पोचलेली.

"दुर्बीण नाई, बाई," डाक्टर म्हणाले. "साहेबानं नेली. मले काही दिसणार नाई."

म्हातारीनं हातातल्या द्रोणाकडं बघितलं. मग ती मागं गेली, तो दूर झाडाखाली टाकून आली, रांजणातल्या पाण्यानं हात धुतले आणि पायरीवर नेहमीच्या जागी टेकली.

"नेली तं नेली," ती म्हणाली. "आता मायाकडं पाहून बोलशीन."

डाक्टरांनी खुर्ची वळवली. काय करावं ते त्यांना कळेना. हात मांडीवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. ती वाट बघत बसली. तिला मुळीच घाई नव्हती.

मग बोरकुटे डाक्टर बोलू लागले. आधी अडखळत, मग सावकाश. वडशाला असताना बायको कशी गेली, मुलगी कुठं दिली, ती येते म्हणते आणि येत नाही. मी दाराशी उभा होतो, तिथूनच मागं फिरलो. बाजार उठला, बैलगाड्या जुंपल्या, तरी म्हातारी पायरीवरच बसून होती आणि मान हलवत "हं... हं..." करत होती.